वाजलंच नाही

माझा रक्तगट बी निगेटिव्ह. असा रक्तगट असला की कॉलेजात पहिल्याच वर्षी कुणीतरी तुमचं नाव एका यादीत घालतं आणि मग ती यादी तुमची पाठ सोडत नाही. आमची यादी वहीतून एक्सेलमध्ये गेली, आणि एक्सेलमधून दोन-तीन स्वयंसेवकांनी हौसेनं बनवलेल्या एका छोट्या अ‍ॅपमध्ये. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी वाजायचं आणि ते वाजलं की आपण निघायचं, एवढंच त्या अ‍ॅपचं काम.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका रात्री ते वाजलं नाही. बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या एका बाईला रक्त हवं होतं. ते हॉस्पिटल माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी पाठवलेली सूचना माझ्या फोनवर सकाळी पावणेसातला उमटली. तीही का, तर दुसरंच काही शोधताना बोट चुकून त्या अ‍ॅपवर पडलं म्हणून. फोन चालू होता, वाय-फाय होतं, आवाज पूर्ण होता. साडेबारापर्यंत तर मी जागाच होतो, त्याच फोनवर जुन्या मॅचेस बघत.

चिंचवडहून एक मुलगा भर पावसात बाइकवर आला आणि बाई वाचली. पण यादी सांभाळणारे दादा महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होते. त्यांच्या स्क्रीनवर माझ्या नावापुढे ‘पाठवलं’ असं दिसत होतं. पाठवलं म्हणजे पोचलं, पोचलं म्हणजे पाहिलं, आणि पाहून आला नाही म्हणजे पोरगं झोपेचं सोंग घेऊन पडलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच समजलो असतो.

मी चिडून कारण शोधायला लागलो. वाटलं होतं, एखादं बटण सापडेल. बटण सापडलंच, पण त्याच्यामागे तीस वर्षांची एक गोष्ट निघाली.

३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ नावाच्या तरुण इंजिनिअरनं जगातला पहिला एसएमएस पाठवला. मजकूर होता नाताळच्या शुभेच्छांचा. तो त्यानं कॉम्प्युटरवर टाइप केला, कारण तेव्हाच्या फोनवर टाइप करायची सोयच नव्हती. एसएमएसला आज आपण ओटीपीचा हमाल समजतो, पण त्याची रचना मोठी शहाणी होती. टॉवर आणि फोन एकमेकांशी ‘मी इथं आहे, तू आहेस ना’ असं अधूनमधून बोलत असतातच. एसएमएस त्याच बोलण्याच्या वाटेनं जातो. वेगळी लाइन उघडी ठेवावी लागत नाही, त्यामुळे बॅटरीवर फारसा भार नाही. फोन बंद असेल तर मेसेज कंपनीच्या केंद्रात थांबतो. फोन पुन्हा रेंजमध्ये आला की नेटवर्क त्या केंद्राला कळवतं, आणि मेसेज सुटतो. पोचला की पोच मिळते. जुन्या नोकियावर ‘डिलिव्हरी रिपोर्ट’ची टिंग वाजायची, ती हीच. मर्यादा एकच, जागा १४० बाइटची. त्यात रोमन अक्षरं १६० मावतात आणि देवनागरी फक्त ७०, त्यातही काना-मात्रा वेगळे मोजून. ‘Kuthe aahes’ लिहायची आपली सवय कीबोर्डमुळे लागली असं म्हणतात, पण तिच्यात या हिशोबाचाही वाटा असणार.

आणि आपल्याकडे एसएमएसपेक्षाही पक्की सूचना होती, मिस्ड कॉल. ‘खाली आलो की मिस देतो.’ पैसे शून्य, मजकूर शून्य, अर्थ आधीच ठरलेला. या मिस्ड कॉलवर मोहिमा चालल्या. २०११ च्या अण्णा हजारेंच्या आंदोलनात लोकांनी पाठिंबा दिला तो मिस्ड कॉल देऊन. बंगळूरच्या झिपडायल कंपनीनं तर त्यावर धंदा उभा केला आणि २०१५ मध्ये ट्विटरनं ती कंपनी विकत घेतली. मिस्ड कॉलची खरी खुबी मात्र कुणी फारशी बोलून दाखवत नाही. पाठवणाऱ्याला रिंग ऐकू येते. ‘रिंग जातेय’ हे दोन शब्द म्हणजे पलीकडचा फोन जिवंत आहे आणि वाजतोय याची पावती. रिंग गेली नाही तर तेही लगेच कळतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

इंटरनेट फोनवर आलं आणि हे सगळं बिघडलं.

कारण समजून घ्यायला थोडं यंत्रात शिरावं लागेल. इंटरनेटवर मेसेज यायचा तर फोननं तरी सर्व्हरला सारखं विचारायला हवं, ‘आलं का काही?’, नाहीतर दोघांमध्ये एक दोरी कायम बांधलेली हवी, म्हणजे सर्व्हरनं ओढली की फोन जागा होईल. विचारत राहणं महाग पडतं. फोनचा रेडिओ एकदा जागा झाला की चार अक्षरं पाठवूनही काही सेकंद जागाच राहतो. दहा अ‍ॅप दर पाच मिनिटांनी विचारायला लागली तर रेडिओला झोपच नाही. दोरी त्या मानानं स्वस्त, पण तिच्यात एक खोट आहे. बराच वेळ ओढली नाही तर मधली यंत्रणा, म्हणजे मोबाइल कंपनी किंवा घरातला राउटर, ‘वापरात दिसत नाही’ म्हणून ती गुपचूप कापून टाकते. दोन्ही टोकांना वाटत राहतं की दोरी आहे. तुटली हे ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून फोन ठरावीक वेळानं उगाच एक हलका झटका देऊन बघतो. दोन झटक्यांच्या मधे दोरी तुटली असेल तर तेवढा वेळ तुम्ही जगापासून तुटलेले, आणि स्क्रीनवर मात्र रेंजच्या सगळ्या दांड्या उभ्या.

हा दोरीचा धंदा सगळ्यांत आधी नीट जमला तो ब्लॅकबेरीला. कॅनडातली ही कंपनी १९९९ पासून खिशात ईमेल पोचवत होती. तिची युक्ती अशी की सगळ्या दोऱ्या कंपनीच्याच केंद्रातून जायच्या. ऑफिसात ईमेल आला की इकडे लाल दिवा लुकलुकायचा. पण सगळं एकाच खुंटीला टांगलं की खुंटी निखळल्यावर काय होतं, ते ऑक्टोबर २०११ मध्ये दिसलं. इंग्लंडमधल्या केंद्रातला एक मुख्य स्विच बिघडला आणि युरोप, आखात, आफ्रिका, भारत, मग अमेरिका, अशी तीन-चार दिवस माणसं फोन हलवून बघत राहिली.

अ‍ॅपलला हा प्रश्न २००८ मध्ये सोडवायचा होता. आयफोनवर बाहेरच्यांची अ‍ॅप येणार होती, आणि चॅटिंगचं अ‍ॅप बंद असताना मेसेज कसा कळणार हे सगळे विचारत होते. जून २००८ च्या परिषदेत स्कॉट फोर्स्टॉल यांनी विंडोज मोबाइलच्या टास्क मॅनेजरचा फोटो दाखवून हशा पिकवला. फोनमध्ये काय मारायचं आणि काय ठेवायचं हे गिऱ्हाइकानं ठरवायचं, असं कुठं असतं का! अ‍ॅपलचा तोडगा होता एकच दोरी. फोन आणि अ‍ॅपलचा सर्व्हर यांच्यामध्ये एक जोडणी, आणि सगळ्या अ‍ॅपनी आपला निरोप तिच्यावरूनच पाठवायचा. सप्टेंबरपर्यंत देतो म्हणाले. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, नवं वर्ष उजाडलं. मार्च २००९ मध्ये तेच फोर्स्टॉल मंचावर आले आणि उशीर झाल्याचं त्यांनी कबूल केलं. मागणी इतकी होती की सर्व्हरची बांधणी नव्यानं करावी लागली. सोबत त्यांनी आपल्या चाचणीचा दाखलाही दिला. दुसऱ्या फोनवर चॅटचं अ‍ॅप मागे चालू ठेवलं तर स्टँडबायचा वेळ ८० टक्क्यांहून अधिक घटतो. शेवटी १७ जून २००९ ला आयफोन ओएस ३.० सोबत ही सोय आली.

एका निरोपाची मर्यादा होती २५६ बाइट. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे वेष्टनाचं वजन सोडून मराठीत ऐंशीच्या आतच चिन्हं. एसएमएसच्या सत्तरवरून सतरा वर्षांत आपण इथवर आलो होतो! (पुढे ती २ आणि मग ४ किलोबाइट झाली.) पण या मर्यादेपेक्षा मोठी गोष्ट कागदपत्रांतल्या एका ओळीत होती. ही सेवा ‘जमेल तितका प्रयत्न’ करेल, पोचवण्याची हमी देणार नाही. फोन बंद असेल तर प्रत्येक अ‍ॅपचा फक्त शेवटचा निरोप ठेवला जाईल, आधीचे गळतील. एसएमएसच्या पोस्टमननं पत्र घरात कुणी येईपर्यंत जपून ठेवलं होतं. हा नवा पोस्टमन जास्त चपळ होता, पण झोळीत एकच पत्र ठेवणारा.

गूगलनं २०१० मध्ये अँड्रॉइडसाठी अशीच सोय काढली, तीत तर निरोप पोचेलच किंवा पाठवलेल्या क्रमानं पोचेल याची हमी नाही असं स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे दोन्ही घरांनी सुरुवातीलाच हात झटकले होते. आपण कुणी ते वाचलं नाही, इतकंच. माझ्या मते यात लबाडी नव्हती. ईमेल आलाय, कुणी लाइक केलंय, असल्या गोष्टींसाठी बांधलेली ती वाट होती. तिच्यावरून पुढे रक्त, पैसे आणि इन्सुलिन जाणार आहे हे २००९ मध्ये कुणाला ठाऊक होतं?

मात्र दोन घरांची रीत वेगळी. आयफोनवर निरोप आला की तो पडद्यावर दाखवण्याचं काम सिस्टीमच करते, अ‍ॅप झोपलेलं असलं तरी. अँड्रॉइडवर बहुतेक वेळा आधी अ‍ॅपला उठवावं लागतं, मग ते सूचना दाखवतं. अँड्रॉइडनं सुरुवातीपासून अ‍ॅपना मागे चालत राहायची मुभा दिली होती. वरून खाली ओढायचा सूचनांचा पडदाही पहिल्यांदा तिथंच आला, आयफोनला तो २०११ मध्ये मिळाला. पण मुभा मिळाली की गर्दी होते. बॅटरी दुपारीच माना टाकायला लागल्या, आणि ज्याच्यावर फोर्स्टॉल हसले होते तो खाटीकखाना दुकानात आला. ‘टास्क किलर’ नावाची अ‍ॅप लोक डाउनलोड करू लागले. एक बटण दाबायचं, पंधरा अ‍ॅप ठार, ‘इतकी मेमरी मोकळी झाली’. आपल्यातले कित्येक जण आजही झोपताना सगळी अ‍ॅप वर सरकवून ‘साफ’ करतात, ती सवय त्या काळातली. मीही करायचो. रोज.

२०१५ मध्ये अँड्रॉइड ६ सोबत गूगलनं ‘डोझ’ आणलं. फोन टेबलावर निवांत पडला असेल तर सगळ्यांना झोपवायचं आणि मधूनमधून थोडा वेळ दार उघडायचं. तातडीचा म्हणून शिक्का मारलेला निरोप तेवढा लगेच आत. मग अर्थातच सेलवाल्यांनीही तातडीचा शिक्का मारायला सुरुवात केली. २०१८ च्या अँड्रॉइड ९ नं अ‍ॅपचे वर्ग पाडले, रोजची, बऱ्यापैकी वापरातली, क्वचित वापरातली. क्वचितवाल्यांना तातडीचे निरोप दिवसाला पाचच. माझ्या रक्तदानाच्या अ‍ॅपला दिवसाला पाचही नको होते, वर्षाला दोन पुरे होते. पण त्या विभागणीमागचा विचार बघा. जे तुम्ही रोज उघडता ते महत्त्वाचं. अग्निशामक दलाची घंटा रोज वाजत नाही म्हणून तिला अडगळीत टाकण्यासारखंच हे.

एवढ्यानंही माझं अ‍ॅप मेलं नसतं. ते मेलं वेगळ्याच कारणानं, आणि त्याचं मूळ चीनमध्ये आहे.

२०१० मध्ये गूगलनं चीनच्या मुख्य भूमीतून आपलं सर्च इंजिन हलवलं. तिथले अँड्रॉइड फोन गूगलच्या सेवांशिवाय विकले जाऊ लागले, म्हणजे ती एक सामाईक दोरीही तिथं नाही. मग प्रत्येक अ‍ॅपनं स्वतःची दोरी बांधली, आणि ती राखायला स्वतःला जिवंत ठेवण्याच्या हजार क्लृप्त्या काढल्या. एक उघडलं की ते भावकीतल्या पाच जणांना उठवायचं. फोन तापायचे, बॅटरी उतरायची. यावर फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी दांडपट्टा चालवला. परवानगीशिवाय कुणी आपणहून सुरू व्हायचं नाही, आणि गिऱ्हाइकानं वर सरकवलं की मागमूस ठेवायचा नाही. पुढे या कंपन्यांनी आपापल्या दोऱ्या काढल्या, आणि २०१७ मध्ये त्या सगळ्यांचा मेळ घालायला सरकारी पुढाकारानं एक संघही स्थापन झाला. त्या देशात, त्या परिस्थितीत, हा कडकपणा समजण्यासारखा होता.

पण तेच फोन इकडे आले. शाओमीचा पहिला फोन जुलै २०१४ मध्ये फ्लिपकार्टवर लागला आणि काही सेकंदांत संपल्याच्या बातम्या झाल्या. मागोमाग इतर आले. तीन-चार वर्षांत आपल्याकडच्या खिशांत बहुतेक हेच फोन होते, आणि का नसावेत, त्या पैशात एवढी बॅटरी दुसरं कोण देत होतं? भारतात गूगलची सामाईक दोरी होती, त्यामुळे दांडपट्ट्याची गरज नव्हती. तरी तो डब्यातून सोबत आला. परदेशातल्या रोगाचं औषध इथल्या निरोग्याला. मोठ्या मेसेजिंग अ‍ॅपना बहुतेक ठिकाणी आधीच सूट असते, त्यांचं अडत नाही. मरतात ती लहान अ‍ॅप. औषधाची आठवण करणारं, गजर लावणारं, सोसायटीच्या पाण्याचं. वैतागलेल्या अँड्रॉइड डेव्हलपरांनी ‘डोन्ट किल माय अ‍ॅप’ नावाची साइट काढली आहे. कुठल्या कंपनीचा फोन अ‍ॅप किती निर्दयपणे मारतो, त्याची क्रमवारीच तिथं लागलेली असते.

माझ्या फोनमध्ये, सेटिंगच्या पाचव्या पायरीवर, त्या अ‍ॅपसमोरचं ‘ऑटोस्टार्ट’ बंद होतं. मी ते कधी बंद केलं नव्हतं, ते तसंच आलं होतं. आणि मी रात्री ‘साफ’ केलं की फोनच्या लेखी ते अ‍ॅप पूर्ण थांबवलेलं. अँड्रॉइडचा नियम असा की पूर्ण थांबवलेल्या अ‍ॅपला तुम्ही स्वतः उघडेपर्यंत निरोप द्यायचा नाही. नियमाप्रमाणे सगळं बरोबर चाललं होतं. दादांच्या सर्व्हरनं निरोप गूगलकडे दिला, गूगलनं घेतला, म्हणून ‘पाठवलं’.

ही एकट्या माझी रड असती तर मी एवढं लिहिलं नसतं. ३० नोव्हेंबर २०१९ ला अमेरिकेत डेक्सकॉम कंपनीची ‘फॉलो’ सेवा मध्यरात्रीनंतर बंद पडली. मुलाच्या त्वचेवरचा सेन्सर साखर मोजतो, साखर धोक्याइतकी उतरली की आई-वडिलांचा फोन वाजतो, अशी ती सोय. मधुमेही मुलांचे आई-बाप वर्षानुवर्षं रात्री उठून बोटाला सुई टोचून बघत आले होते, या यंत्रामुळे ते पहिल्यांदा झोपायला लागले होते. त्या रात्रीही ते झोपले. फोन वाजला नाही म्हणजे साखर ठीक. सेवा बंद आहे हे कंपनीकडून कळायला सकाळ झाली. तेव्हा पालकांचा राग यंत्र बिघडलं याच्यापेक्षा कुणी सांगितलं नाही याचाच जास्त होता. २०२० च्या जुलैत जर्मनीत असंच झालं. करोनाबाधिताशी संपर्क आला तर सांगणारं सरकारी अ‍ॅप काही अँड्रॉइड फोनवर बॅटरी वाचवण्याच्या सोयीमुळे मागे चालतच नव्हतं. लोक आठवडेच्या आठवडे निर्धास्त, कारण अ‍ॅप गप्प. ‘काही घडलं नाही’ आणि ‘घडलेलं पोचलं नाही’ या दोन्हींचा आवाज एकच असतो, शांतता.

भारतात ही शांतता ज्यांना परवडली नाही, ते होते किराणावाले आणि वडापाववाले. नोटाबंदीनंतर गाड्यागाड्यांवर क्यूआर कोड लागले. पैसे यायचे, पण आल्याचा एसएमएस किंवा नोटिफिकेशन कधी लगेच, कधी अर्ध्या तासानं. समोर सहा गिऱ्हाइकं, हात पिठाचे, फोन गल्ल्यात. गिऱ्हाईक स्क्रीन दाखवणार ‘गेले बघा’, आणि तसली स्क्रीन खोटी बनवून देणारी अ‍ॅपही बाजारात आलेली. दोन वडापावांसाठी कुणाला चोर म्हणायचं? २०१९ मध्ये पेटीएमनं साउंडबॉक्स आणला, मग बाकीच्यांनी. २०२३ मध्ये फोनपेच्या डब्यातून अमिताभ बच्चन बोलायला लागले. गंमत बघा, खिशात तीन-चार प्रोसेसरांचं काम एकटा करणारा फोन असताना दुकानदारानं महिन्याला भाडं भरून एक मठ्ठ डबा घेतला. त्याचं सिम वेगळं, बॅटरी वेगळी, काम एकच. तीच जुनी दोरी, पण इथं ती कापणारं कुणी नाही, कारण आत दुसरं अ‍ॅपच नाही. आणि डबा सुरू केला की तो जोडला गेल्याचं मोठ्यांदा सांगतो. त्यामुळे जोडलेला डबा गप्प राहिला तर दुकानदार सरळ म्हणतो, ‘दादा, नाही आले पैसे.’ त्याच्यासाठी शांततेला अर्थ आहे.

सरकारनंही आपत्तीच्या इशाऱ्यासाठी अ‍ॅपच्या भरवशावर राहायचं टाळलेलं दिसतं. २०२३ मध्ये आपले फोन अचानक भोंग्यासारखे ओरडले होते, आठवतं? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदम हाक मारतो. त्यात ना अ‍ॅप, ना गूगल, ना अ‍ॅपल, ना ऑटोस्टार्टचं बटण. माझ्या शेजारच्या काकू घाबरून गॅस बंद करून बाहेर आल्या होत्या. म्हणजे पोचलं.

दादांना मी हे सगळं सांगितलं, एका रक्तदान शिबिरात, बिस्किटाच्या टेबलापाशी. त्यांना दोरी कळली, चीनही कळला. मग ते म्हणाले, ‘म्हणजे यादीतल्या बाकीच्या किती जणांचं बंद आहे रे?’ ते मला सांगता येईना. अ‍ॅप अजून आहे, पण त्या दिवसापासून निगेटिव्ह गटवाल्यांना सूचना गेली की दादा किंवा वहिनी एकेकाला फोनही करतात. बोलायचं नसतं. दोन रिंगा देऊन ठेवून देतात. यादीतल्या तीन नंबरांवर रिंग गेलीच नाही. त्यातला एक मुलगा जर्मनीला गेला होता आणि दोघांनी नंबर बदलला होता.